पाटीवरचा परवाना

'परवाना' हा शब्द उच्चारताच माझ्या पिढीतल्या माणसाच्या डोळ्यांपुढे टपालकचेरीची खिडकी उभी राहते. घरात रेडिओ असला की वर्षातून एकदा त्या खिडकीपाशी रांगेत उभे राहावे, छोटी पुस्तिका आत सरकवावी, कारकुनाने तीत तिकीट डकवून त्यावर शिक्का उठवावा, आणि पुढचे वर्षभर भावगीते ऐकण्यास आपण कायदेशीर रीत्या पात्र झालो अशा समाधानात घरी परतावे, हा त्या काळचा रिवाज होता. बंदुकीचा परवाना, दारूचा परवाना, दुकानाचा परवाना, मोटार हाकण्याचा परवाना. फार्सी दप्तरातून मराठीत रुळलेला हा शब्द नेहमी वरून खाली वाहत आला, देणारे सरकार आणि घेणारी प्रजा. प्रस्तुत पुस्तकात ज्या परवान्याचा विचार केला आहे त्याची वाट मात्र उलटी आहे. येथे देणारा एखादा प्राथमिक शिक्षक असू शकतो आणि घेणारे प्रत्यक्ष सरकार असू शकते. आणि नवलाची गोष्ट अशी की आपण काय दिले, किंवा काय द्यायचे राहून गेले, याचा देणाऱ्याला पुष्कळदा पत्ताच नसतो.

शाळकरी मुलांसाठी ॲप तयार करणाऱ्याने ते खुल्या परवान्याने लोकांच्या स्वाधीन करावे की व्यापारी परवान्याने आपल्या मुठीत ठेवून विकावे, हा या पुस्तकाचा विषय. ग्रंथकर्ते स्वतः आज्ञावलीकार आहेत, मी नाही. माझे आयुष्य शाळा तपासण्यात गेले, आणि संगणकाविषयी मला जे काही कळते ते बव्हंशी मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद होऊन पडलेल्या संगणकांवरून कळलेले आहे. असे असूनही प्रस्तावनेचे काम त्यांनी माझ्याकडे सोपवले, त्याला कारण बहुधा एक जुनी हकीकत असावी. ती मी त्यांना एकदा चहाच्या वेळी सांगितली होती, आणि तिच्यामुळेच या पुस्तकाची पहिली टिपणे झाली असे ते म्हणतात.

एका दोनशिक्षकी शाळेत तपासणीसाठी गेलो असता तिथल्या गुरुजींनी मला देणगीदाखल मिळालेल्या टॅब्लेटांवरचे पाढ्यांचे एक ॲप मोठ्या कौतुकाने दाखवले. दोन ते तीसपर्यंतचे पाढे, प्रत्येक ओळीला एका मुलीचा गोड आवाज, चुकल्यावर न रागावता पुन्हा विचारण्याची सोय. जाहिरात नाही, वर्गणी नाही, कोण्या तरुण अभियंत्याने हौसेने करून फुकट वाटलेले. गुरुजींची तक्रार एकच होती. त्यांना त्यात पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी हवी होती. 'बे औटे सात, तीन औटे साडेदहा' हे त्या गावातल्या आठवडे-बाजारात बसणाऱ्या म्हाताऱ्यांना अजून तोंडपाठ होते, नातवंडांना नव्हते, आणि अपूर्णांकाचा धडा शिकवताना हा घरचाच खजिना हाताशी असावा अशी त्यांची रास्त इच्छा होती. त्यांनी ॲपकर्त्याला पत्र धाडले. उत्तर आले की पुढच्या आवृत्तीत पाहू. दुसऱ्या पत्राला उत्तर आले नाही. पुढच्या वर्षी मी गेलो तेव्हा जुने टॅब्लेट मोडीत निघून नवे आले होते, आणि नव्या यंत्रांवर ते ॲप उघडतच नव्हते. जुन्या आवृत्तीसाठी बनवलेले आहे एवढीच सूचना पडद्यावर येई आणि पडदा काळा होई. गुरुजींचा एक माजी विद्यार्थी संगणक-अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होता. 'मूळ संहिता मिळाली तर एका रविवारचे काम आहे,' असे तो म्हणाला. पण संहिता, म्हणजे ज्यातून ॲप बनते तो लिहिलेला मूळ मजकूर, कोणाकडे नव्हती आणि ती हाताळण्याची मुभाही कोणाला नव्हती. ॲप फुकट होते, पण खुले नव्हते. आणि त्याचा कर्ता नोकरीच्या ओघात कुठे निघून गेला हे शेवटपर्यंत कोणाला कळले नाही.

या हकीकतीत दुष्ट कोणीच नाही, ही तिची खरी अडचण आहे. त्या तरुणाने पैसे खाल्ले नाहीत, फसवले नाही; उलट आपल्या दोन सुट्ट्या खर्ची घातल्या. त्याने फक्त परवान्याचा विचार केला नाही. तो करावा लागतो हेच त्याला ठाऊक नव्हते, आणि माझ्या समजुतीप्रमाणे आपल्याकडे शाळेसाठी ॲप करणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना आजही ठाऊक नसते.

फुकट आणि खुले यांच्या या वादाच्या मुळाशी इंग्रजी भाषेत एका शब्दाचा घोटाळा आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या (एमआयटीच्या) प्रयोगशाळेत काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ च्या सप्टेंबरात 'जीएनयू' या प्रकल्पाची घोषणा केली आणि ज्याला 'फ्री सॉफ्टवेअर' म्हटले, त्यातल्या 'फ्री'चा अर्थ विनामूल्य नसून स्वतंत्र असा आहे हे त्यांना पुढची चाळीस वर्षे जो भेटेल त्याला समजावून सांगावे लागले. १९९८ साली काही मंडळींनी 'ओपन सोर्स' हे निराळे नाव काढले, त्यातही या घोटाळ्याचा कंटाळा हे एक कारण होतेच. मराठीला हा त्रास व्हायला नको होता. आपल्याकडे 'फुकट' आणि 'मुक्त' हे दोन शब्द पिढ्यान्पिढ्या वेगळे नांदत आहेत. फुकटच्या जेवणाला आणि मुक्त माणसाला कोणी एका पंक्तीत बसवत नाही. तरीही शाळांच्या बैठकांत मी पाहिले आहे की 'मुक्त ॲप' म्हणताच पहिला प्रश्न 'म्हणजे पैसे नाहीत ना?' असा येतो, आणि नाहीत म्हटल्यावर पुढचा प्रश्न कोणी विचारीत नाही. ॲप मोडले तर दुरुस्त कोण करील, त्यात आपल्या गावची बोली घालता येईल का, शेजारच्या तालुक्याला ते देता येईल का, हे प्रश्न किमतीचे नाहीत. ते मालकी आणि वहिवाट यांचे आहेत.

कायद्याची स्थिती येथे सामान्य माणसाच्या समजुतीच्या नेमकी उलट आहे. आपल्याला वाटते की ज्यावर काही लिहिलेले नाही ते सर्वांचे. १९५७ चा प्रताधिकार कायदा म्हणतो की ज्यावर काही लिहिलेले नाही ते कर्त्याचे, आणि संगणकाची आज्ञावली १९८४ च्या दुरुस्तीपासून त्या कायद्याच्या दृष्टीने कादंबरी किंवा काव्यसंग्रह यांच्याच पंक्तीची वाङ्मयकृती आहे. सबब, कोणी आपली संहिता चव्हाट्यावर मांडून ठेवली आणि तिच्याबरोबर परवान्याचा एक कागद ठेवला नाही, तर ती कोणालाही वाचता येईल, पण बदलण्याची, वाटण्याची मुभा मिळत नाही. काचेच्या कपाटातल्या पुस्तकासारखी तिची अवस्था होते.

आणि 'कर्त्याचे' म्हणजे तरी कोणाचे? कायद्याचे सतरावे कलम सांगते की नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या कृतीचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, नोकरीवर ठेवणारा असतो. आपल्याकडे शाळांसाठी जी ॲपे झाली त्यांतली पुष्कळशी जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी रात्री जागून, स्वतःच्या पदरचे पैसे खर्चून केलेली आहेत. ती 'कामाचा भाग' की खाजगी हौस? शाळेच्या वेळात, शाळेच्या संगणकावर, वरिष्ठांच्या तोंडी आज्ञेने केलेले ॲप उद्या कोणी विकत घ्यायला आला तर सही कोणी करायची? ग्रंथकर्त्यांनी या प्रश्नाला एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. मी शिक्षक-वाचकांना सुचवीन की इतर काही वाचले नाही तरी ते वाचावे, आणि ॲपची पहिली ओळ लिहिण्यापूर्वी कचेरीकडून एक साधे पत्र मिळवावे. परवाना देण्याचा हक्कच ज्याच्यापाशी नाही त्याने दिलेला परवाना म्हणजे दुसऱ्याच्या शेताचे खरेदीखत.

खुले परवाने अनेक आहेत, परंतु त्यांच्यात मूळ भेद एकच आहे, आणि तो आपल्या जमीनमहसुलाच्या परिभाषेत चांगला समजतो. एमआयटीचा किंवा अपाचेचा परवाना हे जवळजवळ बिनशर्त इनाम आहे: नाव आणि परवान्याचा मजकूर कायम ठेवा, मग वापरा, बदला, विका, कुंपण घालून आत बसा, देणाऱ्याचे काही म्हणणे नाही. स्टॉलमन यांचा जीपीएल, ज्याची पहिली आवृत्ती १९८९ ची, दुसरी १९९१ ची आणि तिसरी २००७ ची, हे मात्र शर्तीचे इनाम आहे: तुम्हीही वापरा, बदला, विका, पण तुमच्या हातून पुढे ज्याला द्याल त्याला मूळ संहितेसह हेच सर्व हक्क द्या. पहिल्यात विहीर दान केलेली असते. दुसऱ्यात विहीर दान करताना तिला कोणी कधी दार बसवू नये असा लेख काठावर कोरलेला असतो. एका परवान्याला उदार आणि दुसऱ्याला संशयी म्हणण्याची रीत आहे. मला ती पटत नाही. ज्या गावात विहिरींना दारे बसलेली पाहिली आहेत त्या गावच्या माणसाने लेख कोरला तर त्याला संशयी म्हणू नये.

आपल्या परंपरेला हा प्रश्न अगदीच अपरिचित आहे असेही नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा तीनशे वर्षांच्या हस्तलिखित प्रवासात तिच्यात लोकांनी आपापल्या पदरच्या ओव्या घुसडल्या होत्या, आणि म्हणून त्यांनी शेवटी बजावले की या पाठात जो कोणी स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखे होईल. आजच्या भाषेत बोलायचे तर प्रती करण्यास पूर्ण मुभा, फेरफारास मनाई, असाच तो परवाना. गंमत एवढीच की ही मनाई लिहिणाऱ्या नाथांना स्वतः तो पाठ तपासण्याची, अपपाठ काढून टाकण्याची मोकळीक होती म्हणूनच ज्ञानेश्वरी आपल्या हाती शुद्ध आली. ग्रंथाचे कल्याण दोन्हीत आहे, पण केव्हा कशात, याचा निर्णय ग्रंथाच्या स्वरूपावर अवलंबून असतो, आणि पाढ्यांचे ॲप ही काही ज्ञानेश्वरी नव्हे.

त्याचा एक दाखला अलीकडचाच आहे. २०१९ साली बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात जोडाक्षरांचा अडसर कमी व्हावा म्हणून 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' अशा वाचनाचा प्रकार आला, आणि महाराष्ट्रभर वर्तमानपत्रांतून, विधिमंडळातून, ओट्याओट्यांवरून वाद माजला. वादात मी येथे पडत नाही. परंतु त्या वर्षीच्या जूनमध्ये संख्यावाचन शिकवणाऱ्या प्रत्येक ॲपपुढे जो प्रश्न उभा राहिला तो पाहा: कोणाला नवी पद्धत हवी, कोणाला जुनी, कोणाला दोन्ही शेजारीशेजारी. ज्याची संहिता खुली त्यात एखाद्या जाणत्याला शंभर ध्वनिफिती बदलून आपल्या शाळेपुरती आवृत्ती काढता आली असती. ज्याची बंद, त्याचा कर्ता जागा असेल तर ठीक, नसेल तर मुलांनी पुस्तकात एक आणि पडद्यावर दुसरे वाचावे. अभ्यासक्रम ही सतत हलणारी वस्तू आहे. तिच्यावर बांधलेले ॲप हलते राहिले नाही तर दोन-तीन वर्षांत निकामी होते, आणि मराठीसारख्या भाषेत, जिथे बाजार लहान आणि करणारे थोडे, तिथे ॲपचोर येण्यापूर्वी ॲपची आठवण विझते. चोरीच्या धास्तीने कुलूप लावणाऱ्यांना मी नेहमी विचारतो, की तुमची वस्तू आजवर कोणी चोरली आहे, की कोणी मागितलीच नाही?

एवढे म्हटल्यावर व्यापारी परवान्याची बाजूही त्याच कानाने ऐकली पाहिजे, कारण खुलेपणाच्या प्रचारकांना पोट नसते असे त्यांची भाषणे ऐकून वाटते. ॲप करणे ही एकदाची हौस असेल, पण ते चालते ठेवणे ही नोकरी आहे. गूगलच्या दुकानात ॲप मांडायचे तर नोंदणीचे २५ डॉलर एकदाच द्यावे लागतात. ॲपलच्या दुकानात मात्र दरसाल ९९ डॉलर. शिवाय चित्रकाराचा मेहनताना, ध्वनिमुद्रणाचा खर्च, सर्व्हरचे भाडे, आणि दर वर्षी बदलणाऱ्या यंत्रांबरोबर धावण्याची दमछाक. पाठ्यपुस्तकांच्या मार्गदर्शिका विकणाऱ्या प्रकाशकाने चार चित्रकार वर्षभर बसवून भूगोलाचे ॲप केले आणि त्याला किंमत लावली, तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. किंमत घेणारा निदान दुसऱ्या दिवशी दुकान उघडतो. मात्र किंमत घेणे आणि संहिता कोंडणे या दोन गोष्टी एकच आहेत ही समजूत चुकीची आहे, आणि ती खोडून काढण्यात प्रस्तुत पुस्तकाची सर्वांत मोठी कामगिरी आहे.

जीकॉम्प्रीचे उदाहरण घ्या. ब्रुनो कूदुआँ या फ्रेंच आज्ञावलीकाराने २००० साली सुरू केलेला हा लहान मुलांच्या शैक्षणिक खेळांचा संग्रह. त्याचे नाव म्हणजे 'मला समजले' या फ्रेंच वाक्यावरची कोटी. परवाना जीपीएल. तरीही कित्येक वर्षे विंडोजवरच्या आवृत्तीत थोडेच खेळ मोकळे असत आणि उरलेल्यांसाठी पैसे भरून संकेतांक घ्यावा लागे. लिनक्सवर मात्र सारेच खुले. ज्याला संहितेतून स्वतः ॲप बांधून घेता येते त्याने खुशाल बांधावे, ज्याला तयार पुडा हवा त्याने मोल द्यावे, असा तो सौदा होता. २०२० साली संकेतांकाची अट काढून टाकली गेली. आठवण पक्की करण्यासाठी पत्त्यांसारखी कार्डे दाखवणारे अँकी हे याहून चतुर उदाहरण आहे. स्पर्धापरीक्षांच्या विद्यार्थ्यांत आणि वैद्यकीच्या विद्यार्थ्यांत ते आपल्याकडेही चांगले परिचित आहे. त्याची संगणकावरची आवृत्ती खुली आणि फुकट. अँड्रॉइडवरची दुसऱ्याच स्वयंसेवकांनी केलेली, तीही खुली आणि फुकट. आयफोनवरची मात्र मूळ कर्त्याने बंद ठेवून सुमारे २५ डॉलरांना विकलेली, आणि तिच्याच उत्पन्नावर बाकीचा संसार चालतो. आयफोन वापरणारा अँड्रॉइडवाल्याचा अभ्यास चालवतो, हा न्याय मला तरी फार आवडला.

मूडलने तिसरीच वाट धरली. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे मार्टिन डूगियामास यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेली ही वर्गव्यवस्थेची आज्ञावली जीपीएलखाली सर्वांना खुली आहे, आपल्याकडची अनेक महाविद्यालये ती एक पैसाही न देता वापरतात. पण 'मूडल' हे नाव व्यापारचिन्ह म्हणून राखलेले आहे, आणि त्या नावाने सेवा विकणाऱ्या अधिकृत भागीदारांना आपल्या उत्पन्नाचा हिस्सा मूळ संस्थेला द्यावा लागतो. संहिता सर्वांची, नाव घरचे. आपल्या शिक्षकांपैकी कोणी नावाचा असा विचार केलेला माझ्या पाहण्यात नाही. आणि मग एखाद्याचे चांगले ॲप उचलून त्यात जाहिराती भरून त्याच नावाने कोणी दुकानात मांडले, की सगळा राग खुल्या परवान्यावर निघतो. परवान्याने नाव दिलेलेच नव्हते. नाव राखायचे होते ते राखले नाही एवढेच.

आता जिओजिब्राविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण तीत या विषयाचे सगळे पेच एकत्र गुंतले आहेत आणि शेवटचा धागा थेट आपल्या देशात येतो. ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ च्या सुमारास पदव्युत्तर प्रबंधाचा भाग म्हणून भूमिती आणि बीजगणित एकाच पडद्यावर आणणारी ही आज्ञावली सुरू केली. त्रिकोणाचा शिरोबिंदू बोटाने ओढावा आणि शेजारी समीकरण आपोआप बदलत जावे, हे पाहताना दहावीच्या पोरांचे चेहरे कसे उजळतात ते मी स्वतः पाहिले आहे. केरळच्या शाळांनी ती आपल्या मुक्त संगणकप्रणालीत केव्हाच सामील करून घेतली. परंतु तिचा परवाना दुपदरी आहे. मूळ संहिता जीपीएलखाली; पण भाषांतराच्या फायली, सूचना आणि तयार स्थापना-संच हे लेखन-चित्रांसाठी वापरल्या जाणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याच्या 'अव्यापारी' अटीखाली. म्हणजे संहिता खुली, पण जी वस्तू माणूस प्रत्यक्ष डबल क्लिक करून वापरतो ती व्यापारासाठी बंद. तिचा व्यापारी वापर करायचा तर वेगळा करार. अध्यापक-वर्गाला फुकट देऊन कंपन्यांकडून मोल घ्यावे हा हेतू स्वच्छ आहे. मग २०२१ च्या डिसेंबरात जिओजिब्राची कंपनी बंगळूरच्या बायजूज या शिकवणी-कंपनीने विकत घेतली, आणि २०२४ च्या जुलैत बायजूजवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. एवढ्यावरून जिओजिब्राचे काय झाले वा होईल याचे भाकीत मी करणार नाही. पण ज्या शिक्षकाने दहा वर्षे खपून शेकडो आकृत्या तिच्यात रचल्या असतील त्याने त्या जुलैत वर्तमानपत्र उघडल्यावर स्वतःला काय विचारले असेल? मालक बदलला, मालकाचा धंदा बसला, तर माझ्या हाती काय राहते? संहितेपुरते उत्तर जीपीएलने आधीच देऊन ठेवले होते: जे एकदा दिले ते परत घेता येत नाही. उरलेल्या भागाचे उत्तर मालकाच्या मर्जीवर सोडलेले होते. परवाना सुखाच्या दिवसांत कोणी वाचत नाही, मृत्युपत्राप्रमाणेच.

याच 'अव्यापारी' अटीबाबत ग्रंथकर्त्यांचा आणि माझा मतभेद आहे, आणि तो त्यांच्याच पुस्तकाच्या दारात उभा राहून मांडण्याची मोकळीक त्यांनी मला दिली हा त्यांचा मोठेपणा. त्यांना ही अट शिक्षकांसाठी सोयीची मधली वाट वाटते. मला ती भांडणाचे मूळ वाटते. गावात ओसरीवर शिकवणी घेणाऱ्या आणि महिना २०० रुपये घेणाऱ्या बाईंचा वापर व्यापारी की अव्यापारी? विनाअनुदानित शाळेचा? ॲप टॅब्लेटवर घालून देण्याचे ५० रुपये घेणाऱ्या मोबाईल-दुरुस्तीवाल्याचा? मोठ्या कंपनीला अडवण्यासाठी घातलेला अडसर मोठ्या कंपनीला अडवत नाही, तिच्याकडे वकील असतात. तो अडवतो या तिघांना, जे प्रामाणिक असल्यामुळे घाबरतात. ज्याला कंपनीची भीती आहे त्याने जीपीएल घ्यावा. मग कंपनीला विकता येईल, पण कोंडता येणार नाही.

ॲपमध्ये आज्ञावलीखेरीज जे असते, कविता, चित्रे, आवाज, अक्षरे, त्या प्रत्येकाचा परवाना निराळा, हे कळायला मला स्वतःला वेळ लागला. बालभारतीच्या पुस्तकांचे हक्क पाठ्यपुस्तक मंडळाकडे राखीव आहेत. वर्गात शिकवण्याच्या ओघात त्यांतला उतारा वापरण्यास कायद्यात शिक्षकाला सवलत आहे, पण तोच धडा ॲपमध्ये भरून दुकानात मांडणे ही निराळी गोष्ट, तिला मंडळाची लेखी परवानगी लागते. कवितांचा हिशेब कवीच्या मृत्यूनंतरच्या साठ वर्षांचा. केशवसुत आणि बालकवी खुशाल घ्यावेत. विंदा करंदीकर २०१० साली गेले, तेव्हा त्यांच्या बालकवितांवर २०७० अखेरपर्यंत हक्क आहे. मुलांचे ॲप म्हटले की पहिल्यांदा विंदाच आठवतात, त्याला इलाज नाही. ज्या मुलीचा आवाज मुद्रित केला तिच्या पालकांकडून लेखी संमती घ्या आणि तीत मुदत लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षांचीच धरतो.

आणि अक्षरे. अक्षर गिरवायला शिकवणाऱ्या एका ॲपमध्ये मी हिंदी वळणाचा, दंडाचा ल पाहिला. मूल पडद्यावर तो गिरवी आणि पुस्तकात पाकळीचा मराठी ल पाही, आणि दोन्ही खरे कसे असतील अशा चेहऱ्याने बाईंकडे बघे. राज्य शासनाने २००९ च्या नोव्हेंबरात वर्णमालेच्या प्रमाणीकरणाचा निर्णय काढला, पण निर्णयाने फाँट बदलत नसतो. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या गटाचा 'मुक्त' हा फाँट आणि त्यासारखे इतर अनेक, ओपन फाँट लायसन्सखाली मिळतात; ते ॲपबरोबर बांधून देता येतात, अक्षर बदलायचे तर तेही बदलता येते, फक्त राखलेले नाव असेल तर बदललेल्या फाँटला दुसरे द्यावे लागते आणि नुसता फाँट सुटा विकता येत नाही. विकत घेतलेल्या फाँटच्या करारात ॲपमध्ये बांधण्याची मुभा पुष्कळदा नसते, आणि असली तरी ल ला हात लावण्याची नसते. एका अक्षराच्या पाकळीपर्यंत परवान्याचा प्रश्न पोचतो, हे मला त्या मुलाच्या चेहऱ्याने शिकवले.

विद्यापीठे आणि शासकीय संस्थांविषयी थोडक्यात एवढेच, की जे लोकांच्या पैशाने झाले ते लोकांना खुले असावे यात दुमत होऊ नये. गोवा विद्यापीठाने कोंकणी विश्वकोशाचे चारही खंड २०१३ साली क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोकळे केले. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियलचे पाठ, ज्यांत मराठीतलेही आहेत, तशाच परवान्याखाली आहेत. आपल्या पाठ्यपुस्तकांवरचे क्यूआर संकेत ज्या दीक्षा व्यासपीठाकडे नेतात ते 'सनबर्ड' या खुल्या संहितेवर उभे आहे. रायगड जिल्ह्यातल्या एका धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत २००७ साली जे हिरवे छोटे लॅपटॉप आले होते, त्यांच्या कळफलकावर तर चालू कार्यक्रमाची मूळ संहिता दाखवण्याची एक खास कळच होती. ती कळ किती मुलांनी दाबली असेल कोण जाणे. पण ती होती.

परवान्याची निवड सुरुवातीलाच का करावी, हे ज्याला कळत नसेल त्याने व्हीएलसी या चित्रफिती चालवणाऱ्या आज्ञावलीची गोष्ट वाचावी. शैक्षणिक नसली तरी ती बोलकी आहे. ॲपलच्या दुकानाच्या अटी आणि जीपीएल एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून तिच्याच एका कर्त्याच्या तक्रारीवरून ती २०११ च्या जानेवारीत तिथून काढली गेली, आणि तिचा गाभा सैल परवान्याखाली आणण्यासाठी पूर्वी कधी चार ओळी लिहून गेलेल्या शंभराहून अधिक माणसांना शोधून प्रत्येकाची संमती घ्यावी लागली. २०१३ साली ती परतली. तेव्हा जीपीएल घेणाऱ्याने आयफोनचा विचार आधी करावा, आणि दहा मदतनीस जमवण्यापूर्वी त्यांच्याशी परवान्याविषयी बोलून घ्यावे. अकराव्या माणसानंतर ते अवघड होते, पन्नासाव्यानंतर अशक्यप्राय.

पाढ्यांवाल्या त्या गुरुजींनी पुढे स्वतःच ॲप केले. माजी विद्यार्थ्याने यंत्राचे बघितले, गुरुजींनी औटकीपर्यंतचे सर्व पाढे स्वतःच्या आवाजात म्हटले. मागे कोंबड्याचे आरवणे ऐकू येते, ते त्यांनी मुद्दाम काढले नाही. परवाना कोणता घ्यावा असे त्यांनी मला विचारले तेव्हा मी उलट विचारले की तुमची बदली केव्हा आहे. ते हसले, जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला हा प्रश्न कळायला क्षणही लागत नाही. त्या मे महिन्यात त्यांची बदली झालीच. जाण्यापूर्वी त्यांनी ॲपच्या संहितेबरोबर जीपीएलचा मजकूर ठेवला, आवाजाच्या फितींसाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचा निराळा कागद ठेवला, आणि शाळेच्या हजेरीपटाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर, येणाऱ्या शिक्षकासाठी, संहिता कुठल्या कपाटात, कुठल्या पेनड्राइव्हवर आहे ते निळ्या शाईत लिहून ठेवले. नव्या बाईंनी पहिल्या पावसाळ्यात त्यात सवायकीची एक चूक दुरुस्त केल्याचे मला ग्रंथकर्त्यांनी कळवले आहे.